दिपिकासाठी पुढचं पुस्तक

पेणच्या वाचनालयात शिरलं की डाव्या हाताला, वर्तमानपत्रं वाचायच्या बाकांपलीकडे, मृणालीचं टेबल होतं. त्यावर पुठ्ठ्याची एक पाटी उभी असे: ‘पुढे काय वाचू?’ बुधवारी आणि शनिवारी ती रोह्याहून सकाळच्या गाडीने यायची आणि त्या पाटीमागे बसायची. ग्रंथपाल हैबतराव या टेबलाला दवाखाना म्हणत. कोणी बिचकत दाराशी थांबलं की आपल्या खुर्चीतूनच हाक देत, “डॉक्टरीणबाई, पेशंट आलाय. नाडी बघा.”

नाडी बघण्याची मृणालीची रीत वेगळी होती. ती रसायनशास्त्र शिकलेली. चाचणी नीट असली तर उत्तर नीट येतं यावर तिचा विश्वास. ‘तुम्हाला काय आवडतं’ हा प्रश्न तिने लवकरच टाकून दिला, कारण त्याला लोक शोभेलसं उत्तर देतात. त्याऐवजी ती विचारायची, शेवटचं अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि ते कुठे सोडलंत? निवृत्त तलाठी खून होईपर्यंत वाचत आणि तपास सुरू झाला की पुस्तक मिटत. त्यांना तिने खलाशांची प्रवासवर्णनं दिली. बारावीच्या मुली प्रेमकथा नेत आणि नायिका रडायला लागली की परत आणत. त्यांच्या हाती तिने एका गिर्यारोहक बाईचं आत्मकथन ठेवलं, तर त्याच्यासाठी मुलींची आपापसांत भांडणं लागली. हैबतराव म्हणाले, औषध लागू पडलं म्हणायचं.

होळी झाल्यावर एका शनिवारी गोदूबाई आली. पन्नाशीची, काटक. हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचं घासकाम करणारी. हात धुऊन आली होती, तरी नखांच्या कडांना आणि बोटांच्या पेरांत पांढरं बसलेलं होतंच. तिने चपला दाराबाहेर काढल्या, देवळात यावं तशी आत आली आणि उभ्यानेच म्हणाली, “पोरीला पुस्तक पायजे.”

मृणालीने वय विचारलं. सोळा सरलं, असं गोदूबाई म्हणाली. नाव दिपिका. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाचा प्रश्न ऐकून मात्र ती विचारून येते म्हणाली.  तोवर काहीतरी असावं म्हणून मृणालीने एक छोटी कादंबरी दिली: घर सोडून गेलेल्या बापाची वाट बघणारा मुलगा, आणि त्याने वाट बघणं सोडून दिल्यावर एके दिवशी परत आलेला बाप.

पुढच्या शनिवारी पुस्तक परत आलं.

“ती बोलली, शेवट खोटा हाय,” गोदूबाई म्हणाली. “वाट बघायचं सोडल्यावर कोण येतंय? वाट बघतात म्हणून तर यायला लागतं.”

मृणालीने त्या रात्री गाडीत ती कादंबरी पुन्हा चाळली. शेवट खरंच खोटा होता. इतक्या वेळा ती शिफारस करूनही हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

मग ते सुरूच झालं. गोदूबाई यायची, दिपिकाचं म्हणणं सांगायची आणि नवीन पुस्तक पदराखाली घेऊन जायची. समुद्रतळाविषयीच्या पुस्तकाबद्दल निरोप आला की लिहिणारा माणूस कधी पाण्याखाली गेलेला नाही, तिथे इतकं निळं नसतं. विनोदी कथांबद्दल निरोप आला की हसू आलं, पण कोणाला सांगणार. मुलांच्या कपाटातलं तिला लवकरच पुरेनासं झालं. “आता मोठ्यांचं दे,” गोदूबाई म्हणाली. “सोळाची हाय, पण समजतंय तिला.” मृणालीने मोठ्यांच्या कादंबऱ्या दिल्या. त्यांचीही तशीच नेमकी उत्तरं आली. असा वाचक तिला कधी भेटला नव्हता. शुक्रवारी रात्री ती दिपिकाला काय द्यायचं याचाच विचार करत झोपायची.

एका बुधवारी गोदूबाईने टेबलावरच्या पाटीकडे बोट केलं आणि विचारलं, “ह्याच्यावर काय लिवलंय गो?”

मृणालीने वाचून दाखवलं. गोदूबाईने मान हलवली. आपल्याला अक्षर येत नाही हे तिने कधी लपवलं नव्हतं. मृणालीच्याच ध्यानात आलं नव्हतं, इतकंच.

शनिवारी दुपारी मुलामुलींचं वाचनमंडळ भरायचं. दिपिकाला एकदा तरी घेऊन या, असा आग्रह मृणालीने धरला. गोदूबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“नाय यायची ती,” ती म्हणाली. “तिला तिथून हलता नाय येत.”

मुलगी अंथरुणाला खिळलेली असणार, असं मृणालीने धरलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. मग ज्येष्ठात एका सकाळी चार पुस्तकं पिशवीत घालून ती रिक्षाने हमरापूरला गेली.

गोदूबाईचं घर आणि कारखाना एकाच लांबट पत्र्याच्या छपराखाली होते. दाराशी ताडपत्री, आत फळ्यांच्या उतरंडीवर छतापर्यंत गणपती. काही पांढरे, काही अंगावर गुलाबी रंग चढलेले, आणि जवळजवळ सगळे अजून डोळे न आखलेले. हवेत ओल्या प्लास्टरचा आणि रंगाचा वास. गोदूबाई बाजाराला गेली होती. तिचा मुलगा हरेश तोंडावर फडकं बांधून फवाऱ्याने रंग मारत होता. दिपिकाला भेटायला आले, असं मृणालीने म्हटलं आणि फवाऱ्याचा आवाज थांबला.

त्याने फडकं खाली ओढलं, शांतपणे हात पुसले आणि तिला मागच्या अंगाला नेलं. तिथून खारजमीन सुरू होत होती. तिच्यापलीकडे खाडीचा मातीचा बांध, बांधावर भरतीचं पाणी अडवणाऱ्या उघाडीचं लाकडी दार.

“तिथं बसायची वाचत,” तो म्हणाला. “घरात धूळ म्हणून.”

दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. उधाणाची भरती आली आणि बांधाचा तेवढाच तुकडा खचला. चपला मिळाल्या. दोन दिवसांनी दिपिका मिळाली. हातातलं पुस्तक मिळालं नाही. हरेश तेव्हा नुकता कामाला लागलेला. आता त्याची स्वतःची मुलगी शाळेत जात होती.

 तो पुढे सांगत राहिला, जणू सांगायला कोणी भेटायचंच राहिलं होतं. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर बसलेले, पण खाली येईनात. भावकीतल्या एकेकाने हात जोडून काय काय कबूल केलं. आईला सांभाळू, बांध पक्का बांधू, तुझ्या नावाने शाळेत बक्षीस ठेवू. ऊन डोक्यावर आलं. शेवटी गोदूबाई पुढे झाली.

“आय बोलली, तुला वाचायला कमी पडू देणार नाय. बोलायची खोटी, कावळा आला.” हरेश बांधाकडे बघत होता. “चुकली ती. कबूल करताना हद्द घालायची असते. एक वर्ष, दोन वर्षं. माणूस असं उघडं बोलत नाय. त्या दिवशी कोणाच्याच ध्यानात नाय आलं.”

आधी शाळेतली पुस्तकं आणली, मग शेजारपाजारची, मग रद्दीतली. हमरापुरातली संपली तेव्हा गोदूबाई पेणला आली. पुस्तक आणायचं, आतल्या खोलीत दिपिकाच्या गादीवर ठेवायचं, आठवड्याने उचलायचं. घासकाम करताना आईला तिचं बोलणं ऐकू येतं, असं हरेश म्हणाला. त्याला कधी आलं नव्हतं.

“तुम्हाला पटतं हे?” मृणालीने विचारलं.

“मला काय पटायचं? आय थकत चाललीय. तिच्यामागं कोण आणणार पुस्तकं? आणि नाय आणली तर?” मग तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. “तुम्ही माणसं बघून पुस्तक देता ना? तिला असं एक द्या, का पुढचं मागायची नाय. सुटू दे तिला. आयला कळू देऊ नका.”

मृणाली पुस्तकं तशीच पिशवीत घेऊन परतली. तिच्या मनाने दुःखाला दुःखाच्या जागी ठेवलं आणि गोष्टीला गोष्टीच्या. अक्षर न येणाऱ्या बाईला पुस्तकातलं नेमकं कळतं, तेव्हा तिला कोणीतरी वाचून दाखवत असणार. नात असेल, शेजारची सून असेल. दया म्हणून कोणी गप्प राहत असेल. हे तपासता येण्यासारखं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत देणगीत आलेल्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे होते. त्यांत एक कादंबरी तिला माहीत होती. छापून घडी घातल्यावर कडा कापायच्या राहून गेलेली. मधली काही पानं वरून आणि बाजूनेही एकमेकांना जोडलेली होती, पाकिटासारखी बंद. ती पट्टीने फाडल्याशिवाय वाचता येण्यासारखी नव्हती. मृणालीनेही ती वाचली नव्हती. तेच पुस्तक तिने गोदूबाईला दिलं.

शनिवारी गोदूबाई आली ती हसत. तिला हसताना मृणालीने प्रथमच पाहिलं.

“आवडलं तिला. ती बाई विहिरीतली घागर काढते बघ, आणि घागरीत दुसऱ्याचीच कुंची निघते. दिपिका बोलली, तिथं अंगावर काटा आला.”

मृणालीने पुस्तक हातात घेतलं. पानं जोडलेली होती. कडेवरची धूळसुद्धा मोडली नव्हती. गोदूबाई गेल्यावर ती मागच्या खोलीत गेली, स्टीलची पट्टी घातली आणि घडी फाडली. बंद पानांच्या आत विहीर होती. घागर होती. घागरीत लहान मुलाची कुंची होती.

हैबतरावांनी दारातून विचारलं, डॉक्टरीणबाई, तब्येत बरी नाही का? ती म्हणाली, ऊन लागलं असेल.  

त्यानंतर तिने कशाचं कारण शोधलं नाही. पुढे काय द्यायचं एवढंच शोधलं, कारण ते तिचं काम होतं. ज्या माणसाला पुढचं पुस्तक नको होईल, त्याला कोणतं पुस्तक द्यावं? तिने थोर ग्रंथ डोळ्यांपुढे आणले, अध्यात्म आणलं, आणि सगळं बाजूला सारलं. शेवटी हरेशला फोन करून तिने तोच प्रश्न विचारला, जो ती सगळ्यांना विचारायची. त्या दिवशी तिच्या हातात कोणतं होतं? कुठवर आली होती?

हरेशला नाव आठवत नव्हतं. जेवताना दिपिका गोष्ट सांगायची ती आठवत होती. एक मुलगी नदीच्या काठाने उलटी चालत जाते, उगम बघायला. मुखपृष्ठावर तिची पाठ आणि दोन वेण्या. दिपिकाने तिला एका पडक्या धर्मशाळेत झोपवलं होतं, आणि उद्या पुढचं सांगते म्हणाली होती.

वाचनालयात त्याची एक प्रत निघाली. आषाढात, बाहेर पाऊस लागलेला असताना, मृणालीने ती गोदूबाईपुढे ठेवली. अक्षर न येणाऱ्या बाईला मी फसवते आहे, हे तिला कळत होतं. दिपिकाच्या सुटकेसाठी, असं ती स्वतःला सांगत होती.

गोदूबाईने पुस्तक उचललं नाही. ती चित्राकडे बघत राहिली. मग एक बोट त्या वेण्यांवरून वरून खाली फिरवलं.

“हेच देतेस?”

“हो, मावशी.”

“हरेशनं सांगितलं?”

मृणालीने मान खाली घातली. ओल्या छत्र्यांचं पाणी फरशीवरून ओघळत टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं.  पुस्तक तिथेच टाकून गोदूबाई जाईल, असं मृणालीला वाटलं. खरं तर तसं व्हावं असं वाटलं.

“तिचं अर्धं राहिलंय, हे मला ठावं होतं,” गोदूबाई म्हणाली. “एवढी पुस्तकं नेली. हे एक मागितलं नाय कधी.” तिने पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं, पदराखाली घेतलं आणि पावसात निघून गेली.

श्रावण लागला तरी ती आली नाही. पुस्तक तिने देव्हाऱ्याजवळ ठेवलंय, असं हरेश फोनवर म्हणाला. गादीवर ठेवत नाही, आणि कोणाला हातही लावू देत नाही. मग गणपतीची घाई उडाली. हमरापुरातून टेम्पो भरभरून मूर्ती निघाल्या. गौरी-गणपती झाले. कारखान्यातल्या फळ्या रिकाम्या पडल्या, तेव्हा एका बुधवारी गोदूबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. ती वाळली होती. हातांना पांढरं नव्हतं.

“ठेवलं,” ती म्हणाली. “घर रिकामं झालं आणि गादीवर ठेवलं. वाचलं तिनं.”

“सगळं?”

“एक पान राखलंय. बोलली, आये, हे तू वाच.” गोदूबाईने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. “मला शिकव गो बाय.”

मृणालीने तिला शिकवलं. शनिवारी दुपारी, वाचनमंडळ पांगल्यावर. गोदूबाईचं बोट मूर्तीच्या सोंडेवरून फिरावं तसं अक्षरावरून फिरायचं. अक्षराचं वळण तिला लवकर कळलं, जोडाक्षरं जड गेली. हैबतराव चहा मागवताना तिच्यासाठीही सांगू लागले आणि म्हणत, मास्तरीणबाई, विद्यार्थिनी तुमच्यापेक्षा सरस निघणार. ती हसायची. पण कधी कधी एखादा शब्द जमला की तिचा चेहरा पडायचा, आणि तो शब्द ती मुद्दाम पुन्हा चुकवायची. मृणालीला ते दिसायचं. ती तो शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकवायची. दिवाळी होऊन गेली. चुकवायला शब्द उरले नाहीत.

तुळशीचं लग्न झाल्यावर गोदूबाईने निरोप धाडला. मृणाली दुपारच्या उन्हात हमरापूरला गेली. नवा हंगाम लागला होता. फळ्यांवर पुन्हा साच्यातून काढलेल्या कच्च्या मूर्ती मांडल्या होत्या. हरेशने कारागिरांना घरी पाठवलं होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि त्या दाराशी, उंबऱ्याकडे पाठ करून, गोदूबाई पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. नवं लुगडं नेसली होती. मृणाली तिच्या शेजारी बसली. हरेश समोर खांबाला टेकून उभा राहिला.

गोदूबाईने शेवटचं पान उघडलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

“मु-ल-गी,” ती वाचू लागली. “मुलगी. ख-ड-का-व-र. खडकावर च-ढ-ली.”

बाहेर कोणाचातरी कोंबडा आरवला. गोदूबाईचं बोट पुढे सरकलं. झरा, शेवाळ, गार पाणी. ती एकेक अक्षर उचलून ठेवत होती, आणि प्रत्येक वाक्य संपल्यावर जरा थांबून आतल्या खोलीचा कानोसा घेत होती.

दुसरा परिच्छेद लागला आणि वाचन सुधारलं. अडखळणं गेलं. आवाज सलग, हलका, थोडा घाईचा झाला. परीक्षेत चांगले गुण मिळवणारी मुलं वाचतात तसा. मृणालीला बरं वाटलं. शिकवलेलं उपयोगी पडलं, असं तिच्या मनात आलं.

मग तिने पानाकडे पाहिलं.

गोदूबाईचं बोट अजून पहिल्याच परिच्छेदात होतं.

तिचे ओठ ‘शेवाळ’ या शब्दावर होते. पुढची ओळ लागत नव्हती म्हणून तिच्या कपाळाला आठी पडली होती.

आवाज मात्र पान उतरत चालला होता. मुलीने चपला काढल्या. मुलीने ओंजळ पुढे केली.

हरेशने डोळे मिटून घेतले होते. त्यालाही या वेळी ऐकू येत होतं.

आवाज कुठून येतो आहे, हे मृणालीला पाहता आलं असतं. मान वळवायची होती, एवढंच. जिने बंद पानं पट्टीने फाडली होती, तिने मान वळवली नाही.

“‘इथून पुढे नदी नव्हती,’” आवाज म्हणाला, “‘नुसती माती होती. पण माती ओली होती.’”

तिथे पुस्तक संपलं. आवाज संपला. आतल्या खोलीत उन्हाचा एक पट्टा गादीवर पडला होता. तो जागचा हलला नाही, पण खोली रिकामी झाली हे बाहेर बसूनही कळलं. एखाद्या घरातून कोणी न सांगता निघून गेलं की जसं कळतं, तसं.

हरेशचे खांदे हलू लागले. त्याने तोंडावर फडकं दाबून धरलं.

गोदूबाईने मान वर केली नाही. “शे-वा-ळ,” ती म्हणाली. “शेवाळ. हि-र-वं.” वाक्य पुरं झालं. ती थांबली, आतल्या खोलीकडे कान देऊन थोडी हसली आणि बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं. अर्ध्याहून जास्त पान अजून वाचायचं होतं, आणि ती ते घाई न करता, लेकीला नीट ऐकू जावं अशा बेताने, मोठ्याने वाचत राहिली.